दादांसाठी घेतलेला वास

"त्यास्नी आता मिठाचंबी कळंना झालंय, आक्का. परवा माझ्याकडं च्या प्याले. साखर टाकायची राहिली हुती. एका शब्दानं बोलले न्हाईत."

पिराच्या ओट्याखाली मी चपला शोधत होते, तेव्हा मुजावरचाचांचं हे बोलणं कानावर पडलं. ते आत्याशी बोलत होते, आणि बोलणं माझ्या वडिलांबद्दल, दादांबद्दल होतं. आत्या म्हणाली, "माझ्या हातचं खाऊन कवा मीठ कळलं हुतं त्याला? कळलं असतं तर एवढी वर्सं गप गिळलं असतं व्हय?" दोघंही हसले. मग आत्याचं हसणं मधेच तुटलं. तिनं पदराची कड तोंडाशी धरली आणि हळू म्हणाली, "असाच राहिला तर टिकायचा न्हाई ह्यो, चाचा."

मी चपला सापडल्या तरी सापडल्या नाहीत असं दाखवत वाकून उभी राहिले. लोक बोलत असताना मधे शिरायचं कसं, हे मला लहानपणापासून जमलेलं नाही. आत्या उंब्रजहून दादांना बघायला आली होती, दोन दिवसांत परत जाणार होती. जे तिला दोन दिवसांत दिसलं ते मी रोज बघत होते, पण कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

आमचं गाव वडूजपासून आत आहे. गावच्या पिराला दर गुरुवारी ऊद घालायचा मान आमच्या घराकडे आहे. हा मान हिंदूच्या घरात कसा आला, कधी आला, हे कुणालाच धड सांगता येत नाही, आणि कुणी विचारतही नाही. दादा फौजेत होते तोवर धाकटे काका जायचे. पेन्शनीत आल्यापासून दादांनी एकही गुरुवार चुकवला नव्हता. निखाऱ्यावर चिमूट सोडली की ते डोळे मिटून श्वास घ्यायचे. एवढीच त्यांची पूजा. आईला ते गमतीनं म्हणायचे, "तुजा देव कानानं ऐकतो, माजा नाकानं."

त्याच्या आदल्या वर्षी पाऊस संपत आला असताना आई आणि दादा एकाच आठवड्यात तापानं पडले. दोघांनाही साताऱ्याला हलवलं. दादा परत आले, आई आली नाही. आणि दादा परत आले ते नाक हरवून. वास गेला आणि वासाबरोबर चवही. डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं, येईल हळूहळू, वाट बघा. वाट बघता बघता अर्धं वर्ष सरलं. दादा पाण्यासारखं जेवायचे, म्हणजे घशाखाली घालायचं म्हणून. मग तेही कमी झालं. अर्धी भाकरी, मग चतकोर. कमरेच्या पट्ट्याच्या जागी सुतळी आली. ऊद घालायला जाणं त्यांनी बंद केलं. "ज्याला वासच येत न्हाई त्यानं कसला ऊद घालायचा? ते ढोंग झालं," एवढंच म्हणाले. मान मोडू नये म्हणून त्यांच्याऐवजी मी जाऊ लागले. मी ऊद घालायचे आणि पटकन मागे सरायचे. मागणं मागावं कसं हे मला येत नव्हतं. माझी शाळा साताऱ्याची, इंग्रजी माध्यमाची. मनातल्या मनात मी देवाशीसुद्धा अर्धं इंग्रजीत बोलते आणि मग लाज वाटून तेही थांबवते.

त्या गुरुवारी मुजावरचाचांनी सांगलीतल्या एका हकिमांचं नाव काढलं. माझा विश्वास नव्हता. दादांचा होता असंही नाही. पण आत्या अडून बसली, "एष्टीत बसायला काय जातंय तुजं?" आणि दादा तिला कंटाळून तयार झाले. विट्याला गाडी बदलून आम्ही दुपारी सांगलीत पोचलो.

हकीमसाहेब जुन्या बाजारामागच्या गल्लीत राहत्या घरातच बसत. पायऱ्या चढतानाच आतून सलग शिंका ऐकू आल्या. आत गेलो तर खुद्द हकीमसाहेबच उपरण्यात नाक पुसत होते. दादांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्यास्नीच आदी औषध द्या कुणीतरी," ते पुटपुटले. हकीमसाहेबांना ते ऐकू गेलं. ते पोट हलवून हसले. "खरंय. दुसऱ्याची सर्दी माझ्याकडून तीन दिवसांत जाते, माझी आठवडा खाते. बसा. शेतकरी की फौजी?"

"दोनीबी."

"वा. म्हणजे औषध वेळेवर घ्याल आणि कुरकुरही कराल."

किती दिवसांनी दादांच्या ओठांना जराशी मुरड पडली. ती मला दिसली. हकिमांनाही दिसली असावी, कारण त्यानंतर ते सरळ कामाला लागले. नाडी धरली, जीभ बघितली, झोप विचारली. मग फळीवरची एक बरणी उतरवून त्यांनी चमचाभर काळे दाणे काढले, आणि ते दादांच्या हातावर न ठेवता माझ्या हातावर ठेवले.

"ही कलौंजी. बघ आधी, बेटा. नुसती बघ."

मी बघितलं. तिळापेक्षा बारीक, पण तिळासारखे गुळगुळीत नाहीत. दाण्यांना कडा होत्या, कुणी तीन बाजूंनी दाबल्यासारख्या. रंग काळा, पण चकाकी अजिबात नाही. उजेड त्यांच्यावर पडत होता आणि तिथंच मुरत होता. बोटांत फिरवल्यावर बारीक वाळूसारखे लागले. वास मात्र काहीच नव्हता. मी तसं सांगितलं.

"नसणारच. साबूत दाणा तोंड मिटून असतो," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्यासमोर छोटा खल सरकवला. "आता कूट."

पहिल्या घावाला कचकच झाली. फुटलेल्या दाण्याचं पोट पांढरं निघालं, हे मला अनपेक्षित होतं. आणि मग वास आला. नाकात वर चढणारा, डोळ्यांच्या मागे जाऊन थांबणारा.

"काय वाटतं?"

"स्ट्राँग आहे," मी म्हणाले.

"स्ट्राँग तर माझी सासूपण होती. वास कसा आहे?"

मला शब्द सुचेना. ते दोघं थांबले होते. दादा माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत उत्सुकता होती. नाक माझं होतं, पण वाट ते बघत होते. मी पुन्हा हुंगलं. "ओव्यासारखा. पण ओव्याहून कोरडा. मागून मिरी येते."

"आता बरोबर." त्यांनी दादांकडे वळून सांगितलं, "हिचा मिजाज गरम आणि खुश्क, म्हणजे कोरडा. बंद पडलेली वाट उघडते, असं आमचे बुजुर्ग सांगतात. तव्यावर किंचित गरम करायची, भरड कुटायची, मलमलीत पुरचुंडी बांधायची. रोज सकाळी अनशापोटी हुंगायची. मी बिस्मिल्ला म्हणतो, तुम्ही तुमच्या देवाचं नाव घ्या. पण हे एकट्यानं घ्यायचं औषध नाही. एकानं हुंगायचं आणि दुसऱ्यानं वास सांगायचा. आमच्या वडिलांची रीत आहे. नाक विसरलं तरी माणूस विसरलेला नसतो. त्याला कुणीतरी आठवण करून द्यावी लागते. ती हिनं द्यायची."

पुडी बांधता बांधता ते सवयीनं म्हणाले, "मौत सोडली तर सगळ्यावर हिच्यात शिफा, म्हणजे गुण आहे, अशी आमची श्रद्धा आहे."

दादा खाली बघत होते. "मग आमी लय उशिरा आलो," ते म्हणाले.

हकीमसाहेबांचा हात पुडीच्या गाठीवर थांबला. उठून दादांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आम्ही जिना उतरेपर्यंत वर दारातच उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. सोप्यात दादा मांडी घालून बसायचे, आधी कुलदेवाचं नाव, मग पिराचं, आणि मग पुरचुंडी नाकाशी. फौजेतला माणूस. एकदाही टाळाटाळ केली नाही. मी समोर बसून सांगायचे. सुरुवातीला तीच दोन-तीन वाक्यं. ओवा. मिरी. कोरडा वास. दादा प्रत्येक वेळी पुरचुंडी खाली ठेवून म्हणायचे, "काय न्हाई." त्या 'काय न्हाई'ला मी इतकी घाबरायला लागले की ते यायच्या आत आणखी एखादं वाक्य मधे घालायचे. अशानं मी बोलू लागले.

रोज तोच वास, पण रोज त्यात काहीतरी वेगळं सापडायचं. गरम असताना तो शेंगतेलाच्या जवळ जातो. गार झाल्यावर शाळेतली नवी पेन्सिल टोक केल्यासारखा, लाकडाचा होतो. ओल्या हवेत त्याला कापराची धार येते. एकदा मी चिमूटभर चावून बघितली. आधी काहीच लागलं नाही. मग जिभेच्या कडांना कडू, मग घशात ऊब, आणि पाणी प्यायल्यावर श्वास थंड. "कडू म्हंजी कशावानी? कारल्यावानी का?" दादांनी विचारलं. मी विचार करून म्हणाले, "नाही. कारलं लगेच कडू लागतं. ही आधी गप्प बसते." दादा म्हणाले, "तुज्यावानीच की मग." आणि आम्ही दोघंही हसलो. त्या घरात फार दिवसांनी.

आज मागे बघताना वाटतं, ती रोजची सकाळ हीच माझी प्रार्थना होती. मला मागता येत नव्हतं, म्हणून कुणीतरी मला नुसतं सांगायला बसवलं होतं. तेव्हा हे कळलं नाही. तेव्हा फक्त एवढं दिसत होतं की दादा वाळतच चाललेत. आणि मधल्या काही दिवसांत ते आणखी मिटले. 'काय न्हाई' म्हणणंही बंद केलं, पुरचुंडी ठेवून उठून जायचे. दुपारी घरात उगाच फिरायचे. एकदा मी आत आले तर ते आईचं कपाट उघडून नुसते उभे होते. कपाट रिकामंच होतं. साड्या तेराव्यानंतर आत्यानं रीतीप्रमाणे बायकांना वाटल्या होत्या. अंथरुणं, उशा, पडदे मीच गरम पाण्यात औषध घालून धुतले होते, घरात ताप राहू नये म्हणून. दादांनी कपाट लावलं आणि ते बाहेर गेले. मला वाटलं, आता त्यांनी सगळंच सोडलं. त्या रात्री मी पिराला मनात म्हटलं, अगदी रागानं, की मला काही नको, फक्त यांना जेवू दे.

वर्षश्राद्धाला थोडे दिवस राहिले होते, तेव्हा कलौंजी संपली. सांगलीला जायचं म्हणजे एक दिवस मोडणार. स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमागे, मला एक स्टीलचा छोटा डबा सापडला. आत फडक्यात बांधलेले काळे दाणे. बारीक, कडा असलेले, चकाकी नसलेले, बोटांना वाळूसारखे. मला आनंद झाला. आईनं लोणच्यासाठी आणून ठेवली असणार, असं मी धरून चालले. हॉस्टेलवर वाढलेली मुलगी मी, शेतात माझं जाणं दिवाळी-मे महिन्यापुरतं. मी दाणे गरम केले, कुटले, पुरचुंडी बांधली. वास वेगळा आणि बेताचा वाटला. जुनी झाली असेल, असा विचार केला.

दादांनी देवांची नावं घेतली, पुरचुंडी नाकाशी धरली. मी सुरुवात केली, "आज वास कमी आहे, दादा. आज जरा..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

बराच वेळ त्यांनी पुरचुंडी खाली घेतली नाही. डोळे मिटलेले होते. छाती भरून येत होती, सुटत होती, पुन्हा भरत होती. मग डोळे न उघडताच ते म्हणाले, "ही कलौंजी न्हवं. कांद्याचं बी हाय हे."

मला आधी चुकीचीच लाज वाटली. काय झालं ते समजायला क्षणभर वेळ लागला.

"दादा, तुम्हाला वास येतोय?"

"आपलं बी हाय. तुज्या आईनं धरलेलं. कुटं घावलं?"

"वरच्या फळीवर. दादा, तुम्हाला वास येतोय का?"

"यायलाय," ते म्हणाले. "मागल्या काय दिसांपासनं यायलाय जरा जरा."

"मग सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू, बाय? वास यायला लागला तसं आदी घरभर फिरलो. कपाट बगितलं, गोधडी बगितली. तिचा वास कुटंच न्हाई. समदं लख्ख धुतलेलं. म्हटलं, हे आता परत येऊन तरी काय करायचं?"

धुणं चूक नव्हतं. साड्या वाटणं ही रीतच आहे. कुणाची चूक नव्हती, आणि तरी ते घर आम्हीच तिच्यापासून पुसून काढलं होतं. त्या क्षणी मला ते जितकं लागलं तितकं तिच्या जाण्याच्या दिवशीही लागलं नव्हतं. त्या दिवशी करायला कामं होती.

दादांनी पुरचुंडी सोडली आणि भरड तळहातावर पसरली. दर उन्हाळ्यात आई डेंगळ्यांची, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्यांची, बोंडं हातानं चोळून बी काढायची, उफणायची, मूठभर हातात घेऊन हुंगायची आणि मगच बांधून ठेवायची. आठवडाभर तिच्या हाताला हा वास असायचा, दादा सांगत होते. साबणानं जायचा नाही. ते चिडवायचे, ती मुद्दाम हात त्यांच्या नाकाशी न्यायची. हे बी तिनं धरलं आणि पेरायच्या दिवसांत ती नव्हती. कांद्याचं बी वर्षापलीकडे धड उगवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. डब्यात उरलेलं आम्ही तरी वाफ्यात टाकलं. फारच थोडं वर आलं. बाकीची माती तशीच राहिली.

मी कुणाला हा चमत्कार म्हणून सांगत नाही. डॉक्टर म्हणाले होतेच की वास परत येतो. कलौंजीनं आला असेल, आपोआप आला असेल. हकीमसाहेबांना सांगायला गेलो तेव्हा त्यांना दोन्ही बियांची गोष्ट ऐकून इतकं हसू आलं की पुन्हा शिंका सुरू झाल्या. मग ते शांतपणे म्हणाले, "देणारा तो. आपण पुड्या बांधणारे. कधी पुडीच चुकते, देणारा चुकत नाही." दादा आता जेवतात. आत्या आली की तिच्या भाजीला नावं ठेवतात. गुरुवारी ऊद तेच घालतात, मी मागे उभी असते. मी मागितलं होतं ते मिळालं आहे, आणि त्यासाठी मी रोज हात जोडते. पण कृपा आपल्या सोयीनं येत नाही, हेही मला कळलं आहे. ती सगळं परत देत नाही. जे देते ते दोन्ही हातांनी घ्यावं आणि जे देत नाही ते तिच्याच पायाशी ठेवावं. मला अजून ते पुरतं जमत नाही. ठेवते आणि पुन्हा उचलते.

दादांच्या तळहातावर ती भरड होती आणि ते रडत होते, त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. ते रडताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि उठून जावं असं मला वाटलं नाही. ते म्हणाले, "बग की, माजी ती एवढ्याशा दाण्यात घावली." आणि मला एकदम माझं आठवलं, जे मी वर्षभर कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या फोनमध्ये आईचे फोटो आहेत, पण आवाज नाही. ती 'जेवलीस का' विचारायची, मी घाईत 'हो' म्हणायचे, फोन संपायचा. हळूहळू तो आवाज माझ्या कानातून गेला होता. शब्द आठवत होते, आवाज येत नव्हता. तो कुणी धुतला नव्हता, आणि कुठल्या डब्यातही नव्हता. महिनेच्या महिने मी दादांना वास सांगत आले होते. त्यांना ज्याची आठवण हवी होती ती मी माझ्या शब्दांत आणून देत होते. मग माझ्यासाठी त्यांच्याकडे का मागू नये? तोंड उघडायला मला नेहमीसारखाच वेळ लागला. दादा थांबले. मी म्हणाले,

"दादा, आई मला हाक कशी मारायची? एकदा तिच्यासारखी मारून दाखवा."